विहिरीपासून अठरा मीटर

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. जुन्या जमीनमोजणीची शंकू साखळी ३३ फुटांचीच, त्यामुळे साखळीला साखळीने गुणलं की गुंठा झाला, आणि असे ४० गुंठे झाले की एकर. मीटरमध्ये ही बाजू १०.०६ भरते. आता या चौकोनाच्या एका कोपऱ्यात विहीर खणा आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यात संडासचा शोषखड्डा. दोघांमधलं अंतर म्हणजे चौकोनाचा कर्ण, तो येतो १४.२२ मीटर. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २४७० या मानकाचा दुसरा भाग (१९८५ची आवृत्ती) सांगतो की शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १८ मीटरच्या आत नसावा आणि राहत्या घरापासून ६ मीटरच्या आत नसावा. म्हणजे एका गुंठ्यात विहीर आणि शोषखड्डा दोन्ही नियमाने बसवायला जागाच नाही. अभियंता कितीही हुशार असला तरी कर्ण लांबवता येत नाही.

शिरसाडहून वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यातल्या मांडवी, चांदीपसारख्या गावांना हे गणित फार जवळचं आहे. एका बाजूला तुंगारेश्वरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला तानसा नदीचं खोरं, मध्ये भातशेती आणि पाडे. विरार आणि वसई फुगत पूर्वेकडे सरकतात तसे जमिनीचे व्यवहारही एकरांवरून गुंठ्यांवर येतात. भुयारी गटार शहरातही सगळीकडे पोहोचलेलं नाही, मग गावात ते येईपर्यंत प्रत्येक नवं घर आपली टाकी आणि आपला खड्डा स्वतःच खणणार. पाणी मात्र प्रत्येकाचं वेगळं नसतं. जमिनीखाली हद्दीचे दगड कोणी पुरलेले नाहीत.

म्हणून सेप्टिक टँकचा नकाशा हा टाकीचा नकाशा नसतोच मुळी. तो अंतरांचा नकाशा असतो, आणि त्यातली महत्त्वाची अंतरं बहुतेक वेळा आपल्या कुंपणाच्या पलीकडे संपतात. मंजुरीसाठी जोडलेल्या कागदांवर मात्र काय दिसतं? प्लॉटचा आयत, आत घराचा आयत, मागच्या कोपऱ्यात एक छोटा आयत आणि त्याला चिकटून एक गोल. शेजारी कोण, त्याची बोअर कुठे, उतार कुठे, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, यातलं काही नाही. तो गोल कुठेही हलवला तरी चित्र तितकंच खरं वाटतं.

टाकी म्हणजे नक्की काय, हे थोडक्यात पाहू. फ्रान्समध्ये वेझूल इथे राहणाऱ्या मूरा नावाच्या माणसाने १८८१ साली अशा बंद टाकीचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये एक्झेटरला डोनाल्ड कॅमेरनने १८९५च्या सुमारास तिला सेप्टिक टँक हे नाव दिलं आणि ते चिकटलं. त्यानंतर अवघ्या दोनएक वर्षांत ही कल्पना मुंबईत पोहोचली होती. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७च्या सुमारास मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवलं गेलं, आणि जगातल्या बायोगॅसच्या इतिहासात त्या प्रयोगाचा उल्लेख आजही होतो. चांदीपच्या माणसाने शिरसाडला येऊन हमरस्ता धरला तर दीड-दोन तासांत जिथे पोहोचेल तिथली ही गोष्ट.

टाकीत मैल्याचा जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग साय धरतो, मधलं पाणी पुढे जातं. तळाचा गाळ जीवाणू हळूहळू पचवतात. बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळलेलं असलं तरी रोगजंतू त्यात भरपूर शिल्लक असतात. त्यांचा खरा बंदोबस्त शोषखड्ड्याभोवतालची माती करते: पाणी मातीच्या कणांतून सावकाश झिरपतं, जंतू अडकतात, मरतात. अठरा मीटर हे त्या मातीला दिलेलं काम आहे. आपल्याकडे पुष्कळ टाक्यांच्या तळाला कोबाच नसतो. 'भरत नाही, फार चांगली टाकी आहे' असं मालक कौतुकाने सांगतो. भरत नाही म्हणजे झिरपते, आणि झिरपते ती थेट खाली.

आता नकाशाकडे वळू. पूर्वी हे काम ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर आणि अमोनिया प्रिंटवर चालायचं. मग १९८२ साली ऑटोकॅड आलं आणि ड्राफ्ट्समनचं टेबल संगणकावर गेलं. ते पैसे टाकून घेण्याचं सॉफ्टवेअर, त्यामुळे एका घराच्या टाकीसाठी कोणी विकत घेणार नाही. घेण्याची गरजही नाही. लिब्रेकॅड नावाचं फुकट, दोन मितींचं, जुन्या संगणकावरही चालणारं सॉफ्टवेअर या कामाला पुरून उरतं. इथे भिंतींना रंग द्यायचे नाहीत, त्रिमितीत घर फिरवून दाखवायचं नाही. रेघ, वर्तुळ, समांतर रेघ, माप आणि लेयर एवढ्या पाच गोष्टी आल्या की झालं. ज्याला फोनवर फोटो कापता येतो त्याला दोन संध्याकाळींत हे जमतं. दहावीची भूमिती मात्र थोडी आठवावी लागते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्लॉट घेऊ: तीन गुंठे, ३३ फूट रुंद आणि ९९ फूट खोल, म्हणजे १०.०६ बाय ३०.१८ मीटर. दक्षिणेला रस्ता. पश्चिमेला भातखाचर. पूर्वेला शेजाऱ्याची वाडी, आणि त्या वाडीत त्याची पिण्याची विहीर.

सुरुवात संगणकावर नाही, जागेवर होते. लोक आधी उपग्रहाचं चित्र उघडतात. ते जागेची ओळख व्हायला उत्तम, पण ते काही मीटर सरकलेलं असू शकतं आणि झाडीखालची विहीर त्यात दिसत नाही. शासनाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गट नंबर टाकला की गटाचा आकार समोर येतो, पण त्यावरून टाकीची जागा ठरवणं धाडसाचं आहे. हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीची क प्रत आणि जागेवरच्या खुणा याच धरायच्या. बाकी सगळं तीस मीटरच्या फितीने.

शेजाऱ्याची विहीर कागदावर नेमकी कशी आणायची? त्यासाठी कोन मोजायचं यंत्र लागत नाही. आपल्या प्लॉटच्या पूर्वेकडच्या दोन कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. ईशान्येच्या खुंटीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत फीत ताणा: समजा ९.४४ मीटर आलं. आग्नेयेच्या खुंटीपासून ताणा: १८.९० मीटर. फीत दोन्ही वेळा विहिरीच्या मध्याकडे रोखलेली हवी. विहिरीचा व्यास ३ मीटर असेल तर दोन्ही मापांत दीड मीटर मिळवला की मध्यापर्यंतची अंतरं मिळाली, १०.९४ आणि २०.४०. आता लिब्रेकॅडमध्ये ईशान्य कोपरा मध्य धरून १०.९४ त्रिज्येचं वर्तुळ काढा, आग्नेय कोपरा मध्य धरून २०.४०चं. दोन्ही वर्तुळं पूर्वेकडे जिथे छेदतात तिथे विहीर. आपल्या उदाहरणात हा बिंदू हद्दीपासून ४ मीटर आत आणि रस्त्याच्या कडेपासून २० मीटर मागे येतो. साखळीवाले मोजणीदार शेतातले दगड, झाडं, विहिरी याच पद्धतीने कागदावर बसवत आले. फरक इतकाच की त्यांना कंपास चालवताना पेन्सिलीचं टोक बोथट व्हायची भीती असायची. याच रीतीने जुन्या घराचे कोपरे, मोठं झाड, विजेचा खांब, रस्त्यापलीकडची बोअर सगळं टिपून घ्यायचं. नियम साधा आहे: प्लॉटच्या चारही बाजूंना वीस-वीस मीटर बाहेर जे आहे ते नकाशात आलंच पाहिजे.

यासाठी शेजाऱ्याच्या वाडीत शिरावं लागतं आणि ते सॉफ्टवेअर करून देत नाही. 'काका, तुमच्या विहिरीचं माप घेऊ का, आमच्या टाकीसाठी हवंय' असं विचारल्यावर समोरून पहिला प्रश्न येतो, 'टाकी आमच्या बाजूला टाकताय काय?' हा प्रश्न खोदकामाआधी विचारला गेला तर तो चहावर मिटतो. नंतर विचारला गेला तर ग्रामसभेत जातो.

रेखाटन मीटरमध्येच करायचं, खऱ्या मापांत. प्रमाण नंतर, छापताना. हे नवशिक्याला पटायला वेळ लागतो, कारण शाळेत आपण आधी प्रमाण ठरवून मग रेघ मारायला शिकलो. इथे आधी प्लॉटचा नैऋत्य कोपरा शून्य-शून्य धरायचा. तिथून पूर्वेकडे १०.०६, उत्तरेकडे ३०.१८. सॉफ्टवेअरला आधीच्या बिंदूपासूनचं अंतर सांगायचं असेल तर आकड्यांआधी ॲटचं चिन्ह द्यायचं. नाही दिलं तर तो आकडा शून्य-शून्यपासून धरला जातो आणि रेघ भलतीकडे पळते. रेघा जोडताना स्नॅप चालू ठेवायचं, म्हणजे टोकाला टोक खरोखर भिडतं. डोळ्याला भिडलेली वाटणारी रेघ मोठी करून पाहिली की अर्ध्या वितीची फट निघते.

लेयर ही सोय या कामात सर्वांत जास्त उपयोगी. हद्द एका लेयरवर, घर दुसऱ्यावर, विहिरी आणि बोअर तिसऱ्यावर, टाकी-खड्डा-पाइप चौथ्यावर, पातळ्या पाचव्यावर, आणि 'मनाई' नावाचा एक वेगळा लेयर, लाल रंगाचा. या लाल लेयरवर फक्त वर्तुळं आणि समांतर रेघा येतात.

विहिरीभोवती १८ मीटरचं वर्तुळ काढू. अठरा मीटर कठड्यापासून मोजायचे, म्हणून विहिरीची दीड मीटर त्रिज्या मिळवून १९.५ त्रिज्या द्यायची. एंटर दाबलं की पडद्यावर जे दिसतं ते पाहून पहिल्यांदा हे करणारा गप्प होतो. वर्तुळ पूर्वेकडून येऊन अख्खा प्लॉट ओलांडून पश्चिमेच्या खाचरात उतरतं. प्लॉटचा वायव्य कोपरा, विहिरीपासून सर्वांत दूर वाटणारा मागचा कोपरा, तिच्या मध्यापासून केवळ १७.३६ मीटरवर आहे. संपूर्ण परसदार लाल. आणि शोषखड्डा आपल्याकडे कुठे असतो? परसात, मागच्या कोपऱ्यात, जिथे पाहुण्याची नजर जात नाही.

वर्तुळाबाहेर उरतो रस्त्यालगतचा नैऋत्येकडचा तुकडा. पश्चिमेच्या हद्दीवर तो रस्त्यापासून साडेसहा मीटरपर्यंत पोहोचतो आणि पूर्वेकडे निमुळता होत जातो. पण घर रस्त्यापासून साडेचार मीटरवर सुरू करायचं ठरलंय. घराभोवती ६ मीटरची समांतर रेघ काढली की पुढचा तुकडाही लाल होतो. म्हणजे ठरल्याप्रमाणे घर बांधलं तर तीन गुंठ्यांत शोषखड्ड्याला नियमात बसणारी हातभर जागाही उरत नाही.

आता घराचा लेयर निवडून घर उत्तरेला सरकवा. साडेचार मीटर मागे, म्हणजे पुढची भिंत रस्त्यापासून ९ मीटरवर. शोषखड्ड्याचा मध्य दोन्ही हद्दींपासून २ मीटर आत, नैऋत्य कोपऱ्यात, आणि टाकी खड्डा व घर यांच्या मध्ये. खड्ड्याची बाहेरची त्रिज्या ९० सेंटिमीटर धरू. मोजा: खड्ड्याच्या कडेपासून घराची भिंत ६.१० मीटर, विहिरीचा कठडा १९.२७ मीटर. बसलं. घर अजून कागदावर आहे म्हणून हे सरकवणं दोन मिनिटांचं. पाया भरल्यावर हाच शोध लागला असता तर मग एकच उपाय उरतो, नियमाकडे काणाडोळा, आणि तोच सर्रास वापरला जातो. शोषखड्डा सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या जागेत, ही आपली रीतच मुळात उलटी आहे.

घरात यावर वाद होणार हे नक्की. दर्शनी बाजूला संडासची टाकी? वास्तुशास्त्रवाल्याचं मत वेगळंच, आजीचं त्याहून वेगळं. शिवाय घर मागे गेलं की परस आक्रसतो. पण वाद कागदावर झालेला बरा. आणि पुढे टाकी असण्याचा एक मोठा फायदा आहे, त्याकडे येऊच.

आराखडा झाला की उभा छेद. लोक इथेच कंटाळतात, आणि कोकणपट्टीत खरी गफलत इथेच होते. घरातून निघणाऱ्या चार इंची पाइपला साधारण पन्नासला एक उतार द्यायचा धरला तर अकरा मीटर पाइपात २२ सेंटिमीटर उतरतात. संडास घराच्या मागच्या टोकाला आणि टाकी पुढे, म्हणजे पाइप घराला वळसा घालून येणार आणि येता येता खोल जाणार. टाकीत पाणी जिथून येतं त्याहून जिथून बाहेर पडतं ती जागा ५ सेंटिमीटर खाली. तिथून खड्ड्यापर्यंत पुन्हा उतार. शोषखड्डा पाइपच्या पातळीखाली किमान एक मीटर खोल हवा. हे सगळं बेरजेला धरलं की खड्ड्याचा तळ जमिनीखाली पावणेदोन मीटरवर सहज जातो.

आता त्याच छेदावर एक निळी रेघ मारायची: ऑगस्टमधली भूजलाची पातळी. ती कुठून मिळणार? शेजाऱ्याच्या विहिरीतून. भर पावसाळ्यात दोरीला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, कठड्याची उंची वजा करायची. भाताच्या गावात ही रेघ पुष्कळदा इतकी वर येते की शोषखड्ड्याचा तळ तिच्या खाली बुडतो. तसं झालं तर तो खड्डा पावसाळ्याचे महिने काहीच शोषत नाही. तो स्वतःच एक विहीर होतो आणि मैल्याचं पाणी मातीतून गाळलं न जाता थेट भूजलात मिसळतं. मे महिन्यात जागा पाहायला आलेल्याला हे कळण्याचा संभव नाही. छेद काढला तर कळतं, कारण त्यावर निळी रेघ काढावीच लागते.

उपाय असतात. संडास टाकीच्या बाजूला आणला तर पाइप आखूड होतो. जोतं उंच घेतलं तर सगळी साखळी वर उचलली जाते. खोल खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर घेता येतो. हे तिन्ही पर्याय छेदाच्या तीन प्रती करून शेजारी शेजारी मांडता येतात. पातळ्या घ्यायला दुर्बीण लागत नाही, गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. दोन माणसं, एक नळी, नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही.

मातीची परीक्षाही नकाशात नोंदवायची. त्याच आयएस २४७० मानकात तिची रीत आहे. नियोजित जागी छोटा खड्डा खणून तळाशी बारीक खडी घालायची, पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर खाली जायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर चर बरा. तासाहून जास्त लागला तर ती माती शोषणार नाही, पाण्यावर आधी वेगळी प्रक्रिया करावी लागेल. रात्रभर मुरू देण्याची अट अनेक जण गाळतात. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती पहिलं पाणी घटाघट पिते. भिजून फुगली की तीच माती तोंड मिटते. कोरड्या मातीवर घेतलेली चाचणी नेहमी पास होते.

टाकीचा आकार यानंतर येतो आणि तो सर्वांत सोपा. दहा माणसांसाठी मानकाच्या तक्त्यात आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद; दरवर्षी उपसणार असाल तर पाण्याची खोली एक मीटर, दोन वर्षांनी उपसणार असाल तर १.४० मीटर, आणि वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. पाणी दोन हजार लिटरच्या वर गेलं की टाकीचे दोन कप्पे करायचे. येणाऱ्या पाइपला टी जोडून त्याचं खालचं टोक पाण्यात बुडवायचं, नाहीतर नवा मैला जुन्या सायीवर आदळून सगळं ढवळतो. हा टी वीस-पंचवीस सेकंदांत काढून होतो, पण नकाशात नसला की मिस्त्री तो बसवत नाही. 'कागदावर नव्हता, दादा' या उत्तरापुढे बोलायला जागा नसते.

समोरच्या टाकीचा फायदा राहिला होता. टाकी कधी ना कधी उपसावी लागतेच. साताऱ्याच्या वाई नगरपरिषदेने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने प्रत्येक घराची टाकी ठरावीक वर्षांनी, वेळापत्रकाने उपसण्याची व्यवस्था उभी केली. बाकीकडे टाकी तुंबेपर्यंत कोणाला तिची आठवण होत नाही. उपसणारी गाडी रस्त्यावर उभी राहते आणि पाइप आत ओढला जातो. टाकी घराच्या मागे, वर फरशी, फरशीवर धुण्याचा दगड असं असेल तर गाडी काही करू शकत नाही आणि मग कोणीतरी माणूस आत उतरवण्याची भाषा सुरू होते. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. तरीही एप्रिल २०२४ मध्ये विरारमध्येच एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. टाकीतला वायू दिसत नाही, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वासही येईनासा होतो. म्हणून नकाशावर झाकणाची जागा, वायूचा पाइप आणि गाडी उभी राहण्याच्या ठिकाणापासून झाकणापर्यंतचं अंतर लिहिलेलं असावं. आपल्या उदाहरणात ते सहा-सात मीटर येतं.

आता छपाई. आजूबाजूचे वीस मीटर दाखवणारा आराखडा एकाला दोनशे प्रमाणात ए-थ्री कागदावर मावतो. टाकीचा छेद मात्र एकाला पन्नासने वेगळ्या कागदावर घ्यावा. झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफ दिली की तो सवयीने 'फिट टू पेज' करतो आणि प्रमाणाची वाट लागते. कोपऱ्यात दहा मीटरची पट्टी रेखून ठेवली तर कागद कितीही आक्रसला, व्हॉट्सॲपवर फोटो गेला, तरी माप काढता येतं. लिब्रेकॅडमध्ये मराठी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, हा त्याचा मोठा दोष. नकाशा एसव्हीजी स्वरूपात काढून इंकस्केपमध्ये मराठी नावं घालता येतात. हा खटाटोप जरूर करावा. मिस्त्री आणि शेजारी दोघांनाही वाचता येईल असा कागद हवा.

परवानगीचं काय? वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ला झाली, आणि त्यानंतर तालुक्यातली २९ गावं आत की बाहेर हा वाद वर्षानुवर्षं चालला. त्यामुळे कोणाच्या दारात अर्ज द्यायचा ते आधी विचारून घेतलेलं बरं. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२०पासून आहे. मंजुरीचा नकाशा परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीनेच जातो, आणि आता तो ठरवून दिलेल्या लेयरवर काढून संगणकातच तपासला जातो. आपण काढलेला नकाशा त्याची जागा घेत नाही. पण लिब्रेकॅडची डीएक्सएफ फाइल त्या अभियंत्याच्या हातात दिली तर त्याला शेजाऱ्याची विहीर आयती मिळते, जी शोधायला तो एरवी येणार नव्हता.

टाकी बांधून झाली, माती ओढायच्या आधी फीत पुन्हा काढायची. खणताना खडक लागतो, झाडाचं मूळ आडवं येतं, मिस्त्री दोन फूट सरकतो. बांधलेली टाकी आणि काढलेली टाकी सहसा तंतोतंत जुळत नाहीत. झाकणाच्या मध्याची घराच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपासूनची अंतरं घ्या. उदाहरणातल्या घराला ती २.६९ आणि ६.५० मीटर येतील. हे दोन आकडे, पाइपच्या खोल्या, उपसल्याची तारीख, एवढं नकाशात दुरुस्त करून फाइलच्या नावात वर्ष टाकायचं. एक छापील प्रत विजेच्या मीटरच्या पेटीत, एक पूर्वेच्या शेजाऱ्याकडे. आणि एक पश्चिमेच्या खाचराच्या मालकालाही द्यायची, शोषखड्ड्याभोवती त्याच्या जमिनीत शिरलेल्या अठरा मीटरच्या वर्तुळासकट. उद्या तो तिथे प्लॉट पाडून बोअर मारणार असेल, तर ती कुठे मारू नये हे त्याला बोअरची गाडी बोलावण्याआधी कळलेलं असेल.